शॅम्पेन आणि बर्गंडी: बाटलीत मुरणारी वर्षे

जगात दरवर्षी तयार होणारी बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत संपवण्यासाठीच केलेली असते. ती जपून ठेवली तर चांगली होण्याऐवजी शिळी होते. दहा, वीस, कधी चाळीस वर्षे ठेवल्यावर जिची गोडी वाढते अशी वाइन फार थोडी. तिच्यात फ्रान्समधील दोन प्रदेशांची नावे आधी घेतली जातात. एक ईशान्येकडचा शॅम्पेन, म्हणजे रँस आणि एपर्ने या गावांभोवतीचा चुनखडीच्या मातीचा थंड मुलूख. दुसरा त्याच्या दक्षिणेचा बर्गंडी. त्याचा गाभा म्हणजे दिजाँ शहरापासून दक्षिणेकडे पसरलेली 'कोत दोर' ही चिंचोळी डोंगरउतरण. 2015 मध्ये युनेस्कोने या दोन्ही ठिकाणच्या द्राक्षमळ्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

दोन्हीकडे द्राक्षे बरीचशी तीच असतात. बर्गंडीची उत्तम लाल वाइन पिनो न्वारची आणि पांढरी शार्दोनेची. शॅम्पेनमध्ये या दोन जातींच्या जोडीला मेनिए ही तिसरी जात येते. तरीही दोन्ही वाइन म्हाताऱ्या होतात त्या अगदी वेगळ्या वाटांनी. हा फरक समजून घ्यायचा तर हवेतल्या ऑक्सिजनवर नजर ठेवावी लागते. तो वाइनला कधी भेटतो, किती आणि किती सावकाश भेटतो, यावर वाइनचे जवळजवळ सगळे आयुष्य ठरते.

व्हिंटेज म्हणजे एकाच वर्षीच्या द्राक्षांची वाइन. बर्गंडीत जवळपास प्रत्येक बाटलीवर साल असतेच. शॅम्पेनमध्ये मात्र सालाची बाटली हा अपवाद आहे. तिथले हवामान इतके बेभरवशाचे, की दरवर्षी सारखी चव राखण्यासाठी अनेक वर्षांच्या वाइन एकत्र मिसळण्याची रीत पडली. एखाद्या वर्षी द्राक्षे मनासारखी पिकली, तरच त्या सालाची वेगळी वाइन काढतात.

ताज्या वाइनचा फळासारखा वास बराचसा एस्टर नावाच्या संयुगांमुळे येतो. आंबवताना यीस्ट ती तयार करते. त्यांतली काही पाण्याशी प्रक्रिया होऊन पहिल्या काही वर्षांतच विरतात, म्हणून केळे, नासपती, ताजी चेरी अशा गंधांचा पहिला बहर ओसरतो. त्याच वेळी ऑक्सिजनचे काम चालू असते. लोह आणि तांब्याच्या अत्यल्प अंशांच्या मदतीने तो आधी फिनॉल गटातल्या पदार्थांवर चालून जातो. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि ते मद्यार्काचे रूपांतर ॲसिटाल्डिहाइडमध्ये करते. कापलेले सफरचंद काळे पडल्यावर येतो तसला वास हा त्याचा. वाइन करणारे थोडा सल्फर डायऑक्साइड घालतात तो ही साखळी मध्येच तोडण्यासाठी. आम्लही राखण करते. आम्लता जास्त असेल तर हा सल्फर डायऑक्साइड अधिक परिणामकारक ठरतो आणि जंतूंना वाव कमी मिळतो. थंड प्रदेशातल्या वाइन जास्त टिकतात याचे मोठे कारण हेच.

शॅम्पेनची गोष्ट बाटलीतच घडते. पहिल्यांदा आंबवून झालेली साधी, आंबटसर वाइन बाटलीत भरताना तिच्यात यीस्ट आणि लिटरला सुमारे 24 ग्रॅम साखर घालतात. बंद बाटलीत यीस्ट ती साखर फस्त करते. तयार झालेल्या वायूला बाहेर जायला वाट नसल्यामुळे तो वाइनमध्येच विरघळतो आणि बाटलीत वातावरणाच्या सहापट दाब साठतो. साखर संपली की यीस्ट मरते. मेलेल्या पेशींचा पातळ साका आडव्या बाटलीच्या तळाला बसून राहतो आणि पुढची सगळी किमया हा साका करतो.

मेलेल्या पेशींमधली विकरे त्या पेशी आतून विरघळवू लागतात. या क्रियेला ऑटोलिसिस म्हणतात. ती काही महिन्यांनी सुरू होते आणि वर्षानुवर्षे अतिशय मंद गतीने चालते. पेशींमधून अमिनो आम्ले, प्रथिने आणि मोठ्या साखळ्यांची शर्करा वाइनमध्ये उतरतात. वाइनला साईसारखा मऊपणा येतो, फेस बारीक आणि टिकाऊ होतो, ताज्या पावाचा, लोणी घातलेल्या ब्रिओशचा वास चढतो. याशिवाय साक्याचे आणखी एक काम आहे आणि त्याची दखल क्वचितच घेतली जाते. झाकणातून झिरपणारा ऑक्सिजन तो स्वतःच शोषून घेतो. साक्यावर पडून असलेली वाइन त्यामुळे श्रीमंत होत जाते, पण म्हातारी फारशी होत नाही.

नियमानुसार साध्या शॅम्पेनने बाटलीत निदान 15 महिने आणि सालाच्या शॅम्पेनने निदान 3 वर्षे काढावी लागतात. नावाजलेली घराणी यापेक्षा पुष्कळ जास्त थांबतात. दों पेरिन्यों बाजारात येते ती साधारण 8 वर्षांनी. तिच्याच काही बाटल्या साक्यावर मागे ठेवून, 15 किंवा अधिक वर्षांनी 'पी-2' आणि त्याहूनही उशिरा 'पी-3' या नावांनी काढल्या जातात. ल मेनिल गावच्या फक्त शार्दोनेपासून होणारी सालों तर चांगल्या सालांपुरतीच तयार होते आणि तीही दहाएक वर्षे तळघरात राहते. रँसमध्ये ही तळघरे म्हणजे रोमन काळापासून खणलेल्या चुनखडीच्या खोल खाणी आहेत. तिथे बाराही महिने 10 ते 12 अंश तापमान राहते, अंधार असतो आणि हवा ओलसर असते.

मग साका काढण्याची वेळ येते. बाटली हळूहळू फिरवत उलटी करतात म्हणजे साका मानेत उतरतो. ती मान शून्याखाली पंचवीसेक अंशांच्या थंड द्रावणात बुडवली की साक्याचा बर्फाचा गोळा बनतो. झाकण उघडताच आतल्या दाबाने तो बाहेर उडतो. त्याची जागा वाइन आणि साखरेच्या मिश्रणाने भरून काढतात. 'ब्रुत' म्हणून विकल्या जाणाऱ्या वाइनमध्ये ही साखर लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी असते. त्यावर खरे बूच बसवतात, तारेने आवळतात.

त्या काही सेकंदांत वाइनला हवेचा झटका बसतो. राखण करणारा साकाही आता गेलेला असतो, आणि शॅम्पेनचे दुसरे आयुष्य इथून सुरू होते. यापुढे ती इतर वाइनसारखीच बुचातून येणाऱ्या थोड्या थोड्या हवेने मुरते. रंग फिकट पिवळ्यावरून सोनेरी होतो. लिंबू, हिरवे सफरचंद मागे पडून मध, सुके अंजीर, भाजलेला बदाम, टोस्ट आणि कॉफी पुढे येतात. शेवटच्या दोन गंधांमागे गंधकयुक्त संयुगे असतात. त्यांचे प्रमाण नगण्य, पण नाक त्यांना चटकन ओळखते.

यातून एक गमतीदार परिस्थिती निर्माण होते. एकाच घराण्याच्या 1996 सालच्या दोन बाटल्या घ्याव्यात. एकीचा साका 2003 मध्ये काढलेला असावा, दुसरीचा 2015 मध्ये. दोन्हींत तीच द्राक्षे, तीच वाइन. पण आज पहिलीत मध आणि सुकामेवा असेल, तर दुसरीत लिंबाचा ताजेपणा अजून शिल्लक दिसेल. म्हणून शॅम्पेनचे वय सांगताना साल पुरत नाही, साका काढल्याची तारीखही लागते. अनेक घराणी आता ती मागच्या लेबलवर छापतात. क्रुग घराण्याच्या बाटलीवरच्या क्रमांकावरून ती शोधता येते. हा फरक विक्रीच्या केंद्रस्थानी आणला बोलँजे घराण्याच्या लिली बोलँजे यांनी. 1960 च्या दशकात त्यांनी 1952 सालची, साक्यावर दीर्घकाळ ठेवून नुकतीच मोकळी केलेली शॅम्पेन 'आर. डी.' या अक्षरांनी बाजारात आणली. अशा बाटलीत जुनेपणाची खोली आणि तरुणपणाचा तजेला एकत्र भेटतात. मात्र उशिरा साका काढलेली जुनी वाइन हवेचा झटका सोसायला थोडी दुबळी असते. ती त्यानंतर काही वर्षांत प्यायलेली बरी.

बुचातून वायूही सुटत राहतो. तीस-चाळीस वर्षांच्या शॅम्पेनमध्ये बुडबुड्यांची उसळी उरत नाही, जिभेवर नुसती बारीक चुणचुण जाणवते. बिघाडाची खूण म्हणून तिकडे पाहू नये. वय झालेल्या चांगल्या शॅम्पेनची मजा तिच्या वाइनपणात असते.

या मुरण्याचा टोकाचा नमुना समुद्राने जपून ठेवला होता. 2010 मध्ये फिनलंडच्या ऑलँड बेटांजवळ, बाल्टिक समुद्रात सुमारे 50 मीटर खोलीवर, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बुडालेल्या जहाजात शॅम्पेनच्या 168 बाटल्या सापडल्या. त्यांत व्हव क्लिको, हाइडसिक आणि आता अस्तित्वात नसलेल्या जुग्लार या घराण्यांची वाइन होती. रँस विद्यापीठाचे फिलिप जांदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली तपासणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. वाइनमध्ये लिटरला 140 ग्रॅमहून जास्त साखर निघाली, कारण त्या काळी अतिशय गोड शॅम्पेनच लोकांना आवडे. वायू जवळजवळ सगळा गेलेला होता. ग्लासात ओतल्यावर आधी ओल्या केसांचा आणि चीजचा वास आला. ऑक्सिजनविना दीर्घकाळ कोंडलेल्या वाइनला येतो तसा. ग्लास फिरवून हवा लागू दिल्यावर तो गेला आणि धूर, मसाले, चामडे, मागोमाग फळाफुलांचे गंध वर आले. 170 वर्षांनंतरही वाइन जिवंत होती. समुद्रतळाचा अंधार आणि 2 ते 4 अंशांचा गारवा तिच्या पथ्यावर पडला होता. 2014 मध्ये व्हव क्लिकोने त्याच भागात नव्या बाटल्या पाण्याखाली मुरायला ठेवल्या.

बर्गंडीच्या लाल वाइनला साक्याचा असा आडोसा बाटलीत मिळत नाही. ती 228 लिटरच्या ओकच्या पिंपांत साधारण 12 ते 18 महिने राहते, लाकडातून थोडा श्वास घेते आणि मग बाटलीत जाते. पुढचे सगळे काम टॅनिन, रंगद्रव्य आणि आम्ल यांच्यावर असते.

इथेच पिनो न्वारचे वेगळेपण दिसते. या द्राक्षाची साल पातळ. इतर लाल जातींत रंगद्रव्याचे जे अधिक टिकाऊ प्रकार असतात, ते हिच्यात मुळातच नसतात. त्यामुळे बर्गंडी तरुणपणीही गडद नसते आणि तिचा रंग लवकर हलतो. माणकासारखा लाल रंग कडेपासून विटकरी होत जातो. रंगद्रव्य आणि टॅनिन एकमेकांना जोडून लांब साखळ्या बनवतात. टॅनिनचा तुरटपणा मवाळ होतो, काही साखळ्या जड होऊन साका म्हणून खाली बसतात. रोमाने-कोंतीसारख्या काही मळ्यांत द्राक्षे घोसाच्या देठांसकट आंबवतात. देठांमुळे तरुण वाइन रांगडी, हिरवट लागू शकते, पण मुरल्यावर तिला मसाल्याचा आणि सुक्या गुलाबाचा सुगंध येतो.

गंधाचा प्रवास चेरी, रासबेरी यांच्यापासून सुरू होऊन पावसानंतरच्या जंगलातली कुजलेली पाने, अळंबी, चामडे, शिकारीचे मांस यांच्यापर्यंत जातो. ट्रफल या जमिनीखालच्या महागड्या अळंबीसारखा जो वास जुन्या वाइनला येतो, त्यात डायमिथाइल सल्फाइड या संयुगाचा वाटा असतो. वाइनमधल्याच पूर्वद्रव्यापासून ते वर्षानुवर्षे सुटत राहते. नवख्याला ही वर्णने चमत्कारिक वाटतात. पण उत्तम जुन्या बर्गंडीत फळ पूर्ण गेलेले नसते. मातीच्या वासाआडून ते अधूनमधून डोकावते, आणि त्या लपंडावासाठीच लोक वीस वर्षे थांबतात.

हा प्रवास सरळ रेषेत होत नाही. लाल बर्गंडी पहिली दोन-तीन वर्षे खुली, फळांनी भरलेली असते आणि नंतर कित्येकदा मिटून जाते. वास येईनासा होतो, तोंडात आम्ल आणि तुरटपणा तेवढा उरतो. पाच-दहा वर्षांनी ती पुन्हा उमलते. 2005 साल या मुक्या काळासाठी प्रसिद्धच आहे. त्या वर्षीच्या बड्या मळ्यांच्या बाटल्या घाईने उघडणाऱ्यांच्या पदरी निराशा आली. साधारण हिशेब असा: नुसते 'बूर्गोन्य' लिहिलेली वाइन तीन ते पाच वर्षांत प्यावी, गावाच्या नावाची पाच ते दहा वर्षांत, त्यावरच्या दर्जाच्या मळ्यांच्या प्रीमिए क्रूला दहा-पंधरा वर्षे द्यावीत आणि शांबेर्तांसारख्या सर्वोच्च दर्जाच्या मळ्यांच्या ग्रां क्रूला पंधरा ते तीस. गाव, करणारा आणि साल यांप्रमाणे यात मोठे फरक पडतात.

पांढऱ्या बर्गंडीची कहाणी अलीकडे दुःखाची झाली. मेर्सो, प्युलिनी-मोंराशे, शाब्लीच्या उत्तम वाइन पूर्वी पंधरा-वीस वर्षे सहज टिकत. हेझलनट, मध आणि लोण्याची चव त्यांना मुरल्यावरच येते. मात्र 1990 च्या दशकाच्या मध्यापासूनच्या सालांच्या बाटल्या सात-आठ वर्षांतच तपकिरी आणि निर्जीव निघू लागल्या. त्यातही एकाच पेटीतली एक बाटली टवटवीत आणि शेजारची गेलेली, असा प्रकार. या रोगाला 'प्रीमॉक्स', म्हणजे अकाली ऑक्सिडीकरण, असे नाव पडले. बोर्दो येथील संशोधकांनी अशा वाइनमधल्या खुणेच्या संयुगांत सोटोलोन दाखवून दिले. मराठी स्वयंपाकघराला त्याची चांगली ओळख आहे, कारण मेथीदाण्याचा खास वास मुख्यत्वे सोटोलोनचाच. तो अगदी थोडा असला तर जुन्या शॅम्पेनमध्ये बरा वाटतो. आठ वर्षांच्या मेर्सोत मात्र मेथी आणि अक्रोड यांचा वास येऊ लागला की वाइन गेली म्हणून समजावे.

कारण एकच सापडले नाही. बुचांचा दर्जा असमान होता. सल्फर डायऑक्साइड कमी वापरण्याकडे कल वाढला होता. द्राक्षे हलक्या हाताने दाबणारे नवे प्रेस आल्यामुळे संरक्षण देणारे फिनॉल रसात कमी उतरत होते. पिंपातला साका ढवळण्याची हौस अतिरेकाला गेली होती. बाटलीगणिक फरकाचा दोष मात्र मुख्यतः बुचाकडेच जातो. त्यानंतर अनेकांनी बुचाचा भुगा स्वच्छ करून पुन्हा घट्ट केलेली 'दियाम' बुचे स्वीकारली, काही जण फिरकीच्या झाकणाकडे वळले, कित्येकांनी सल्फरचे प्रमाण पुन्हा वाढवले. परिस्थिती सुधारली आहे, पण गेलेला विश्वास पूर्ण परतलेला नाही.

सालाचे महत्त्व दोन्ही प्रदेशांत मोठे आहे. शॅम्पेनमध्ये 1996 ला साखर आणि आम्ल दोन्ही भरपूर होते. ती वाइन अमर ठरेल असे बोलले गेले, प्रत्यक्षात काही बाटल्या अजून झळाळतात आणि काहींमध्ये फळ आधी संपून नुसते आम्ल उरले. 2002 आणि 2008 यांच्याबद्दल जाणकारांमध्ये बरेच एकमत आहे. 2003 च्या उष्णतेच्या लाटेत तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली आणि अनेक घराण्यांनी त्या सालाची वाइन काढलीच नाही. बर्गंडीतल्या बोन शहरात द्राक्षतोडणीच्या तारखांची नोंद 1354 पासून सलग जुळवता आली आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार 1988 पासून तोडणी पूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे 13 दिवस लवकर होते आहे. लवकर पिकलेल्या द्राक्षांत साखर जास्त आणि आम्ल कमी असते. आजच्या उन्हाळ्यांतली बर्गंडी तरुणपणी अधिक लोभस लागते. तिला 1978 किंवा 1999 च्या बाटल्यांएवढे आयुष्य लाभेल का, याचे उत्तर पुढची वीस वर्षेच देतील.

मुरण्याचा वेग बाटलीवरही ठरतो. दीड लिटरच्या मॅग्नमची मान नेहमीच्या बाटलीएवढीच, पण आत वाइन दुप्पट. म्हणजे लिटरमागे ऑक्सिजन कमी आणि म्हातारपण सावकाश. उष्णता हा मोठा शत्रू. तापमान 10 अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. शिवाय त्यांचे परस्परप्रमाण बिघडते, म्हणून उष्णतेत ठेवलेली वाइन नुसती लवकर मुरत नाही, वेडीवाकडी मुरते. नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेल्या भारी बाटलीचे एका मोसमात मातेरे होऊ शकते. प्रकाशही घातक असतो. वाइनमधले रिबोफ्लेविन प्रकाशाने चेतून गंधकाच्या संयुगांना फोडते आणि उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. रशियाच्या झारसाठी 1876 मध्ये सुरू झालेली लुई रोदरेर घराण्याची क्रिस्ताल ही शॅम्पेन पारदर्शक बाटलीत येते. तिच्याभोवती नारिंगी कागद गुंडाळलेला असतो तो याच कारणासाठी.

जुन्या बाटलीची किंमत म्हणूनच तिच्या ठेवणुकीच्या इतिहासावर अवलंबून असते. 1945 च्या रोमाने-कोंतीच्या जेमतेम 600 बाटल्या झाल्या. त्यानंतर तिथले जुने, कलम न केलेले वेल उपटले गेले आणि 1952 पर्यंत त्या मळ्याची वाइनच निघाली नाही. तिची एक बाटली 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 5,58,000 डॉलरला गेली. पन्नास वर्षांहून जास्त काळ ती बोनमधल्या द्रूएँ घराण्याच्या संग्रहात होती, ही खात्री त्या किमतीत धरलेली होती. जिथे अशी खात्री नसते तिथे फसवणूक शिरते. 2008 मध्ये न्यूयॉर्कमध्येच दोमेन पोंसोच्या नावाने क्लो सें-दनी या मळ्याच्या 1945 ते 1971 च्या बाटल्या लिलावात आल्या. त्या मळ्याची वाइन पोंसोंनी 1980 च्या दशकापूर्वी काढलीच नव्हती. त्या घराण्याचे लोराँ पोंसो स्वतः लिलावाला हजर राहिले आणि बाटल्या मागे घ्याव्या लागल्या. त्या आणणारा रूडी कुर्निआवान 2013 मध्ये दोषी ठरला.

जुनी बर्गंडी उघडण्याआधी दिवसभर उभी ठेवतात म्हणजे साका तळाशी बसतो. चाळीस वर्षांचे बूच मऊ आणि ठिसूळ झालेले असते. मळसूत्री ओपनरने त्याचा चुरा होतो, म्हणून बूच आणि काच यांच्या फटीत सरकवण्याची दोन पात्यांची चिमट्यासारखी पकड वापरतात. वाइन 15 ते 16 अंशांवर, न हलवता, एकाच धारेत ओततात आणि साका मानेशी आला की थांबतात. नाजूक जुनी बर्गंडी दुसऱ्या भांड्यात ओतून फार वेळ उघडी ठेवत नाहीत, कारण तिचा सुगंध तासाभरात उडू शकतो. जुन्या शॅम्पेनला उंच अरुंद ग्लासाऐवजी वाइनचा रुंद ग्लास आणि 10 ते 12 अंश तापमान मानवते. बाटली विकत घेताना लाल बर्गंडीत वाइनची पातळी बुचाखाली दोन-तीन सेंटिमीटर असेल तर तीस वर्षांच्या बाटलीला ते साहजिक आहे. ती पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा खाली गेली असेल, तर आत हवा शिरून फार दिवस झालेले असण्याचा संभव मोठा असतो.